उत्सव थांबविण्याचा अधिकार

एखाद्या यात्रेत, सत्कारसमारंभात किंवा पर्वस्नानाच्या घाटावर माणसे दगावली, की आपल्या सार्वजनिक जीवनात काही ठरीव वाक्ये तत्काळ उच्चारली जातात. जे घडले ते अकल्पित होते. जमावच बेभान झाला, तेथे संयोजक काय करणार. लाखांचा समुदाय जमतो तेथे थोडेफार उणे-अधिक व्हायचेच. या वाक्यांच्या जोडीला आणखी एक मत उत्सव-समित्यांच्या बैठकांतून आग्रहाने मांडले जाते, ते असे की, आपत्कालीन योजना, गर्दीचे गणित, पर्यायी मार्गांचे नकाशे हे सारे परकीय कचेऱ्यांतून उसने आणलेले अवडंबर असून, शतकानुशतके चालत आलेल्या आमच्या यात्राजत्रांना त्याची गरज कधी पडली नाही व पुढेही पडू नये. असल्या कागदांनी बंदोबस्त तेवढा वाढतो, भाविक गांजतो आणि उत्सवाचा प्राण जातो. हे मत मांडणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांपैकी कित्येकांनी उभा जन्म देवस्थानांच्या आणि उत्सवांच्या सेवेत घालविला आहे. परंतु त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्या चुकीचे प्रायश्चित्त ज्यांचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही अशा बायाबापड्यांना घ्यावे लागते, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर केला पाहिजे.

प्रथम हे सारे अकल्पित होते या विधानाकडे पाहू. सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. ही तिथी कोणा अधिकाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नाही. ती पंचांगात छापलेली असते आणि गावोगावच्या भाविकांच्या स्मरणात त्याहूनही पक्की असते. २५ जानेवारी २००५ रोजी त्या डोंगरावर लाखोंचा समुदाय लोटला. देवळाकडे जाणाऱ्या चढाच्या अरुंद पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांचे पाणी सांडून दगड निसरडे झाले होते आणि वाटेच्या कडेला दुकानांची दाटी होती. कोणी घसरले, त्याच्यावर मागचे कोसळले, मागच्यांवर त्यांच्या मागचे, आणि मग दुकानांना आग लागून गॅसच्या टाक्या फुटू लागल्या. सुमारे तीनशे माणसे त्या एका दिवशी मेली. यांतील कोणती गोष्ट आधी माहीत नव्हती? नारळ दरसाल फुटत होते, पायऱ्या होत्या तेवढ्याच रुंद होत्या, दुकाने दरसाल तेथेच थाटली जात होती, आणि गर्दी वर्षागणिक वाढते आहे हे तर खुद्द दुकानदारही अभिमानाने सांगत होते. ज्या गोष्टीचे प्रत्येक कारण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर उभे आहे तिचा परिणाम तेवढा अकल्पित मानावयाचा, हा तर्क न्यायाच्या कोणत्याही आसनापुढे टिकणार नाही.

त्याआधी दीड वर्ष, २७ ऑगस्ट २००३ रोजी, नाशिकच्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी सरदार चौकाच्या परिसरात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक चेंगरून मेले. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. जगातील कोणत्याही संयोजकाला तयारीसाठी याहून अधिक सवड मिळत नसेल. दीड वर्षाच्या अंतराने महाराष्ट्रात या दोन घटना घडल्या, दोन्ही चढ-उतारावर, दोन्ही अरुंद वाटेवर, दोन्ही पूर्वनियोजित तिथीस. आणि दोन्हींच्या चौकशीसाठी न्यायालयीन आयोग नेमावे लागले. नाशिकच्या घटनेनंतर राज्यातल्या प्रत्येक डोंगरावरील आणि प्रत्येक घाटावरील यात्रेची वाट कोणी मोजून पाहिली असती, तर मांढरदेवीचे नाव त्या यादीत अग्रभागी आले नसते काय?

तिसरे उदाहरण गर्दीच्या रेट्याचे नाही, म्हणून ते अधिक बोलके आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या प्रदानाचा समारंभ झाला. सत्कारमूर्तींचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, श्रद्धेने, शिस्तीने, कित्येक तर आदल्या रात्रीच येऊन मैदानात बसले होते. समारंभ भर दुपारपर्यंत चालला. व्यासपीठावर छाया होती, श्रोत्यांच्या डोक्यावर उघडे आकाश. १४ जण दगावले. तेथे जमाव बेभान झाला असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही, कारण त्या जमावाइतका शिस्तबद्ध जमाव महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल; किंबहुना ऊन सोसवेना तरी उठून जाऊ नये, ही त्यांची शिस्तच त्यांच्या जिवावर बेतली. कोकणपट्टीत एप्रिलच्या मध्यास दुपारी ऊन असते, हे जाणण्यासाठी वेधशाळेचीही आवश्यकता नाही. पुढे काही दिवसांतच, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर असे कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय शासनाने जाहीर केला. जो निर्णय घटनेनंतरच्या त्याच आठवड्यात घेता आला, तो घटनेपूर्वीच्या आठवड्यात घेण्यास कोणते नवे ज्ञान लागत होते, याचे उत्तर अकल्पिततेचा आश्रय घेणाऱ्यांनी द्यावे.

आता दुसरे विधान, जमावाच्या बेशिस्तीचे. हे सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत अन्यायकारकही आहे, कारण त्यात मेलेल्या माणसालाच त्याच्या मरणाचा दोषी ठरविले जाते, आणि तो उत्तर देण्यास येत नाही. या विधानाची जितकी कसून चौकशी इंग्लंडमध्ये झाली तितकी क्वचितच कोठे झाली असेल, म्हणून तेथील हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगतो. शेफील्ड शहरातील हिल्सबरोच्या क्रीडांगणावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांमध्ये फुटबॉलचा उपान्त्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या बाजूस फिरत्या फाटकांची संख्या अपुरी होती. सामन्याची वेळ जवळ आली तशी बाहेर माणसे कोंडू लागली. तेव्हा पोलीस अंमलदाराने दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार आत येण्यासाठी उघडण्याचा हुकूम दिला. त्या दारासमोरच एक बोगदा होता, आणि तो सरळ मधल्या दोन कुंपणबंद कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच तुडुंब भरलेले होते. बोगद्याचे तोंड अडवून लोकांना कडेच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळविण्याचा हुकूम मात्र कोणीच दिला नाही. आत शिरणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते; पुढे असलेल्याला मागे सरता येत नव्हते; ९७ माणसांनी प्राण गमावले.

त्याच दिवशी त्या अंमलदाराने सांगितले की, दार प्रेक्षकांनीच बळाने उघडले. पुढे कित्येक वर्षे, प्रेक्षक दारू प्यालेले होते, तिकिटांवाचून घुसले होते, असे सांगितले गेले आणि छापलेही गेले. लॉर्ड जस्टिस टेलर यांनी त्याच वर्षी दिलेल्या अहवालात मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे होते असे स्वच्छ नमूद केले, तरी तो कलंक पुसला गेला नाही. मृतांचे आप्त सत्तावीस वर्षे झगडत राहिले, तेव्हा कोठे २०१६ साली मृत्यूंच्या फेरचौकशीत पंचांनी निर्णय दिला की, ही माणसे बेकायदा मारली गेली, आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात काहीही वाटा नव्हता. मला या हकीकतीतील एक तपशील विशेष विचारार्ह वाटतो. त्याच मैदानावर दोनच वर्षांपूर्वी, १९८७ साली, अशीच गर्दी बाहेर अडली असता उपान्त्य सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू करण्यात आला होता आणि कोणी दगावले नव्हते. १९८९ साली सामना वेळेवर सुरू झाला. मैदान तेच, फाटके तीच, प्रेक्षकही त्याच जातीचे. फरक होता तो, एका वर्षी कोणीतरी थांबा म्हटले आणि दुसऱ्या वर्षी कोणी म्हटले नाही, एवढाच.

गर्दीत माणूस कसा मरतो हेही बेशिस्तीचा आरोप करणाऱ्यांनी समजून घ्यावे. तो बहुधा पायांखाली तुडविला जाऊन मरत नाही. तो उभ्या उभ्या, छाती दोन्हीकडून दाबली गेल्याने, श्वास घेण्यापुरती बरगडी हलविता न आल्याने मरतो. एका चौरस मीटरवर चार माणसांपर्यंत दाटी असते तोवर मनुष्य आपल्या इच्छेने पाऊल टाकू शकतो. सहा-सातांपुढे ती गेली की समुदायातून लाटा उठू लागतात, पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि त्या क्षणानंतर कोणाच्याही सद्वर्तनाचा वा दुर्वर्तनाचा प्रश्नच उरत नाही. पुरात सापडलेल्या लाकडाच्या ओंडक्याला शिस्तीचा उपदेश करण्याइतकेच त्या माणसाला शिस्त शिकविणे निरर्थक आहे. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने १९९३ मध्ये अशा दुर्घटनांची मीमांसा करताना चार गोष्टींवर बोट ठेवले: रेटा, माहिती, जागा आणि वेळ. या चारांपैकी एकही गोष्ट गर्दीतल्या माणसाच्या हाती नसते. जागा संयोजक ठरवितो, वेळ संयोजक ठरवितो, पुढे काय झाले याची माहिती मागच्याला पोहोचविण्याचे साधन संयोजकापाशी असते, आणि या तिन्हींच्या अभावी चौथी गोष्ट, तो जीवघेणा रेटा, आपोआप निर्माण होतो. म्हणून दाटी घातक होण्यापूर्वी ती रोखणे हेच काय ते कर्तव्य उरते, आणि ते ज्याच्या हाती चारही सूत्रे आहेत त्याचे आहे.

परंपरेचा जो दाखला दिला जातो त्याकडे मी अधिक आदराने वळतो, कारण परंपरेविषयी माझ्या मनात तो आदर आहे. मात्र ती परंपरा काय सांगते हे तिचे नाव घेणाऱ्यांनी पाहिलेले नाही, असे माझे म्हणणे आहे. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतरावबाबा आरफळकरांनी दिले. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले होते, आणि लष्करी मुक्कामाची घडी त्यांना ठाऊक होती. त्यांनी दिंड्यांचा क्रम लावला, कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे हे ठरले, मजला आणि मुक्काम बांधले गेले. आजही लाखांचा तो समुदाय त्याच क्रमाने चालतो, आणि प्रत्येक वारकरी आपली दिंडी व तिचे स्थान ओळखून असतो. याला नियोजन म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

आणि त्या सोहळ्यातील समाजआरतीचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच पटेल. दिवसाची मजल संपवून पालखी तळावर येते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा घोष चालू असतो. चोपदार हातातील दंड उंच करतो, आणि तो सारा घोष एका क्षणात थांबतो. तरी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर तिची काही तक्रार आहे हे सर्वांना कळते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, मगच तिचे टाळ थांबतात. पुढे हरवले-सापडलेल्याची वर्दी दिली जाते, दुसऱ्या दिवशी पालखी केव्हा निघेल ते पुकारले जाते, आणि मग आरती होते. लाखांच्या समुदायाला एका माणसाने एका खुणेने थांबविणे, त्याच वेळी सर्वांत मागच्याची कुरकुर सर्वांत पुढे पोहोचविण्याची वाट मोकळी ठेवणे, आणि ती ऐकल्यावाचून पुढचा विधी न करणे, ही तीन अंगे ज्या व्यवस्थेत आहेत तिला आपत्कालीन योजनेच्या शास्त्राकडून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. परंपरेचे रक्षक म्हणविणाऱ्यांनी वारीतून भगव्या पताका आणि फुगड्या तेवढ्या उचलल्या, चोपदाराचा दंड तेथेच ठेवला.

कोणी म्हणेल, वारीत भावनेचा इतका जोर असताना खुद्द वारीच थांबविण्याची वेळ आली तर काय? तीही वेळ येऊन गेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी. च्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. ज्या वारकऱ्याने वाटेवरच्या पावसाला, चिखलाला आणि आजाराला कधी जुमानले नाही, त्याने ते दुःख गिळले, घरच्या देव्हाऱ्यापुढे एकादशी केली, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा चालू लागला. संप्रदायाचा प्राण त्यामुळे गेला असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? पर्यायी व्यवस्थेने उत्सव मरतो या मताचे याहून सबळ खंडन मला ठाऊक नाही.

येथवर मी विरोधकांच्या म्हणण्याचे खंडन केले. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, आणि ती मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे आपत्कालीन योजना या नावाने जे कागद तयार होतात, त्यांतील पुष्कळसे खरोखरच निरुपयोगी असतात. रुग्णवाहिका किती, पोलीस शिपाई किती, पाण्याचे टँकर किती, फिरती शौचालये किती, यांची कोष्टके त्यात असतात. दूरध्वनी क्रमांकांची यादी असते. नकाशावर बाण असतात. परवान्यासाठी तो कागद कचेरीत दाखल होतो, त्यावर शिक्का बसतो, आणि दप्तरात जातो. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात २ जुलै २०२४ रोजी एका सत्संगात १२१ माणसे मेली, त्या सत्संगासाठीही रीतसर परवाना होता. तो ८०,००० माणसांचा होता. आली अडीच लाखांहून अधिक. आकडा परवान्यावर लिहिलेला होता, पण ऐंशी हजारांनंतरच्या पहिल्या माणसाला रस्त्यातच थांबविण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले दिसले नाही. अशा कागदाला कोणी अवडंबर म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. माझे भांडण त्याने काढलेल्या निष्कर्षाशी आहे. औषध चुकीचे दिले गेले म्हणून औषधच नको, असे तो म्हणतो. मी म्हणतो, योजनेतून जो गाभा गळला आहे तो तिच्यात परत घाला.

तो गाभा कोणता? माझ्या मते तो एकच आहे: ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की चालू कार्यक्रम थांबविण्याची, लांबविण्याची किंवा मोडून टाकण्याची मुखत्यारी कोणा एका माणसाच्या हाती, त्याच्या नावानिशी, आधीच दिलेली असणे. रुग्णवाहिका ही दुर्घटना घडल्यानंतरची सोय आहे. मुखत्यारी ही ती घडू न देण्याची सोय आहे. आपल्या समारंभांत पहिलीवर खर्च होतो आणि दुसरीचा उच्चारही होत नाही, याचे कारण उघड आहे. ज्याला ही मुखत्यारी द्यावयाची त्याला मंत्र्याचे भाषण अर्ध्यावर तोडता आले पाहिजे, महंतांच्या मिरवणुकीला अर्धा तास वाट पाहावयास सांगता आले पाहिजे, दूरदर्शनवर थेट दाखविला जाणारा मुहूर्त टाळता आला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी, काहीच घडले नाही म्हणून, त्याची बदली होता कामा नये. शेवटची अट सर्वांत कठीण आहे. वेळीच थांबविलेल्या कार्यक्रमात कोणीच मरत नाही, म्हणून थांबविणाऱ्याने जे वाचविले ते सिद्ध करता येत नाही. रागावलेले प्रतिष्ठित मात्र समोर उभे असतात. ज्या कनिष्ठ अंमलदाराने हे एकदा भोगले तो पुन्हा हात वर करीत नाही, तो वरच्या हुकुमाची वाट पाहतो, आणि वरचा व्यासपीठावर बसलेला असतो.

कायद्याने ही मुखत्यारी नाही असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापावयास सांगितले आहे, आणि आपत्तीच्या किंवा तिच्या संभवाच्या प्रसंगी लोकांचा प्रवेश व वाहतूक रोखण्याचे अधिकारही त्याला दिले आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१४ साली मोठ्या जनसमुदायाच्या नियमनासाठी सविस्तर मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपत्तीच्या नियोजनाला ज्या राज्यांनी प्रथम हात घातला त्यांत आपले राज्य होते, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशीच आहे. तेव्हा उणीव कायद्याची नाही आणि ज्ञानाचीही नाही. जिल्हाधिकाऱ्याकडे असलेला अधिकार घाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या अंमलदाराच्या हाती त्या दिवसापुरता लेखी उतरत नाही, ही उणीव आहे.

यावर एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. पोलीस खात्यातील अनुभवी मंडळी सांगतात की, ऐन गर्दीत एकाएकी दार बंद करणे हाच कधी कधी घाताचा आरंभ असतो. मागचे येतच राहतात, पुढे भिंत उभी राहते, आणि जे टाळावयाचे तेच घडते. हे खरे आहे. म्हणूनच थांबविण्याची जागा ही घाट किंवा गाभाऱ्याचे दार असता कामा नये. ती शहराबाहेरच्या वाहनतळावर, बसस्थानकावर, रेल्वेच्या आधीच्या स्थानकावर असली पाहिजे, जेथे माणसाला बसावयास जागा, सावली आणि पाणी देता येते आणि आपण का थांबलो आहोत हे त्याला ध्वनिक्षेपकावरून त्याच्या भाषेत सांगता येते. ज्याला कारण सांगितले जाते तो भाविक तासन् तास थांबतो. कारण न सांगता काठी आडवी धरली तर तो पाच मिनिटे थांबत नाही. आणि हे सारे आधी एकदा, रिकाम्या रस्त्यावर, प्रत्यक्ष करून पाहिलेले असले पाहिजे. आक्षेप घेणाऱ्यांनी जो धोका दाखविला तो योजनेविरुद्धचा पुरावा नाही. योजना किती आधीपासून आणि किती दूरवरून सुरू झाली पाहिजे याचे ते मोजमाप आहे.

बंदोबस्ताने भाविक गांजतो, या तक्रारीतही तथ्य आहे. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात पहिल्या पर्वणीस, २९ ऑगस्टला, पोलिसांनी इतके कठडे उभारले आणि वाहने इतकी दूर अडविली की वृद्धांना मैलोगणती चालावे लागले, घाट अपेक्षेहून ओस राहिले, आणि व्यापाऱ्यांपासून भाविकांपर्यंत सर्वांनी नापसंती व्यक्त केली. पण पुढे काय झाले ते पाहा. ती टीका ऐकली गेली, पुढच्या पर्वण्यांना कठडे सैल करण्यात आले, भाविक मोठ्या संख्येने आले, आणि २००३ ची पुनरावृत्ती झाली नाही. अतिरेकी सावधगिरी दुसऱ्या पर्वणीला दुरुस्त करता येते. गाफीलपणाला दुसरी पर्वणी मिळत नाही.

खर्चाचा मुद्दा मी एका वाक्यात संपवितो: ज्या समारंभाच्या मंडपावर, कमानींवर आणि जाहिरातींवर कोट्यवधींचा व्यय होतो, त्याच्या संयोजकाने श्रोत्यांच्या डोक्यावरील सावलीला पैसा नव्हता असे म्हणू नये.

आता हे सर्व मी आजच का लिहितो आहे ते सांगतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ पुन्हा येत आहे. त्यासाठी स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झाले आहे, आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ या दिवशी, आषाढी अमावास्येस, जाहीर झाले आहे. प्रयागचा मेळा माघाच्या थंडीत भरतो, तेव्हा गंगा उतरलेली असते. आमचा सिंहस्थ भर पावसाळ्यात येतो, तेव्हा गोदावरी कोणत्या दिवशी कोणत्या रूपात असेल ते सांगता येत नाही. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे. पाणलोटात पाऊस कोसळला की धरणातून विसर्ग सोडावाच लागतो, आणि मग रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, हे नाशिककर पुलावरून मोजत उभा राहतो. २ ऑगस्ट २०१६ रोजी त्या मारुतीवरून पाणी वाहत होते आणि काठची बाजारपेठ बुडाली होती. २ ऑगस्ट हीच तारीख. त्या दिवशी रामकुंडावर पर्वणी नव्हती. २०२७ मध्ये त्याच दिवशी ती असेल.

विसर्ग सोडला तर घाटावरची माणसे बुडतात, न सोडला तर धरण धोक्यात येते, ही कोंडी फोडण्याचा मार्ग एकच आहे: पाणी सोडण्याआधी घाट रिकामा झालेला असणे, आणि त्यासाठी पाटबंधारे खात्याचा अभियंता, पोलीस आयुक्त आणि आखाडे यांनी किती विसर्गाला स्नान थांबवावयाचे तो आकडा आजच संमत केलेला असणे. आखाड्यांच्या स्नानाचा क्रम आणि मान हा नाजूक विषय आहे हे मी जाणतो. कोणाचे स्नान अर्ध्यावर थांबले तर कोणाचे पुढे, यावरून त्या क्षणी वाद घालणे म्हणजे जिवाशी खेळ होईल. म्हणून तो वाद आज, पाणी नसताना, शांतपणे, प्राधिकरणाच्या बैठकीत घातला पाहिजे आणि त्याचा निकाल लेखी झाला पाहिजे. साधुसमाज त्याला नकार देईल असे मला वाटत नाही. ज्यांनी देहाचा मोह सोडला आहे त्यांनी इतरांच्या देहाची काळजी सोडलेली नाही, असा माझा विश्वास आहे.

नाशिककरांना आणि तेथे जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी विनंती अशी आहे की, रस्त्यांच्या निविदा आणि घाटांची रंगरंगोटी यांची चर्चा चालू असताना प्राधिकरणाला एक प्रश्न लेखी विचारा आणि त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत तो विचारीत राहा: २ ऑगस्ट २०२७ रोजी रामकुंडावरील स्नान थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असेल, त्याचे नाव काय, आणि तो हात वर करील तेव्हा व्यासपीठावरचे सर्वजण थांबतील असे त्यांच्याकडून कोणी लिहून घेतले आहे काय?